केसरनगरातलं वाळलेलं गवत

दिवाळी होऊन महिना होत आला होता. यंदा परतीचा पाऊस मनासारखा झाल्यानं केसरनगरच्या मोकळ्या जागेतलं गवत अजून हिरवंगार होतं. मधला एक गोल तेवढा पिवळा पडला होता.

शिवांजलीनं तो गोल पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात पोरं नाचत होती. शनिवारी बागेचं भूमिपूजन. पाहुण्यांसमोर शाळेचं लेझीमपथक उतरणार होतं, म्हणून मंजुळाबाई मॅडम पोरांचा सराव इथंच घेत होत्या.

"बघा की, पांढरी फक्की मारायची गरजच पडली न्हाई," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "आयतं रिंगण मिळालं. ए, पाय एकदम पडला पाहिजे सगळ्यांचा."

हलगी वाजली आणि पन्नासेक पाय एकाच ठोक्यावर जमिनीवर पडले. त्यांत शिवांजलीची गिरिजाही होती, दुसरीतली. आईकडं बघून हसली आणि ठोका चुकली.

शिवांजली पालिकेत कंत्राटी अभियंता होती. बागेचं अंदाजपत्रक तिनंच केलेलं. ती हातातला टेप तसाच धरून उभी राहिली. पिवळ्या गोलाची कड कंपासनं काढावी तशी होती. रोगानं मेलेलं गवत असं वाळत नाही, ते ठिगळाठिगळानं वाळतं. गवत असं नेमक्या गोलात वाळतं ते तेवढ्याच जागेत खाली माती पातळ असली तर. आणि या काळ्या रानात माती पातळ कशी असेल?

पुन्हा ठोका पडला. या वेळी तिनं डोळे मिटून ऐकलं. गोलाबाहेर उभ्या तिच्या तळव्यांना तो ठोका जाणवला, आणि काळ्या जमिनीत ठोका असा लांब जात नसतो.

तेलगाव रस्त्याला शहर जसं वाढत गेलं तशा कापसाच्या रानांतून कॉलन्या उठल्या. प्रत्येक कॉलनीत दहावा हिस्सा जागा बागेसाठी सोडावी लागते, आणि प्लॉट पाडणारा माणूस ती कुठं सोडतो हे शिवांजलीला नोकरीच्या पहिल्या वर्षातच समजलं होतं. ओढ्याच्या काठाला, विजेच्या मोठ्या तारांखाली, कुठल्याशा तिरक्या कोपऱ्यात. थोडक्यात, जिथं गिऱ्हाईक येणार नाही तिथं. केसरनगरची जागा मात्र मधोमध, चौकोनी, सपाट. लोक त्याबद्दल प्लॉट पाडणाऱ्या विठ्ठलरावांचं नाव काढत. इतकी चांगली जागा त्यांनी सोडली कशी, हा प्रश्न तिला आज पहिल्यांदा पडला.

तिनं फोनवर लेआउटचा नकाशा काढला. बरोबर त्या ठिकाणी एक बारका गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'विहीर (बुजवलेली)'. तिनं तो शेरा शंभरदा वाचला होता. त्याच गोलावर तिनं घसरगुंडी आणि झोपाळे दाखवले होते, कारण सपाट जागा तीच होती.

बुजवलेली विहीर खचते. भर बसत जाते, वरती खळगा होतो, त्यात पाणी साचतं आणि गवत उलट जास्त माजतं. इथं खळगा नव्हता. इथं जमीन तबकासारखी सपाट होती.

"मॅडम, पोरांना शाळेच्या अंगणात न्या," ती म्हणाली. "मला इथं आखणी करायचीय."

"आत्ताच?"

"आत्ताच."

मंजुळाबाईंनी कुरकुरत पोरं नेली. "पण शनिवारी इथंच हां. विठ्ठलरावांच्या अमरसिंह सायबांनी जागा ठरवून दिलीय."

---

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. कार्यालयात जाण्याआधी शिवांजली पुन्हा तिथं गेली, तर गोलाच्या कडेला केसरबाई बसलेल्या. विठ्ठलरावांची आई. कॉलनी त्यांच्याच नावाची. समोर पत्रावळीवर दहीभात, लिंबू, हिरव्या बांगड्या. आणि गवतात, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसणार नाही असं, वीतभर वर आलेलं लोखंडी पाइपाचं तोंड.

"आसरांचा निवद हाय," म्हातारी न विचारताच म्हणाली. "जलदेवता. सात भैनी. पाण्यात ऱ्हात्यात."

"पण आजी, विहीर तर बुजवली ना?"

केसरबाईंनी तिच्याकडं अशी नजर टाकली की शिवांजलीला आपण काहीतरी अमंगळ बोललो असं वाटलं.

"जिती हीर कुणी बुजवतं का, बाई? वंश बसतो. इठ्ठल बुजवायलाच निघालता. म्या सांगितलं, आदी मला ढकल आन् मग माती लोट. मग त्यानं झाकली. रूळ टाकले आडवे, वर शहाबादी फरशी, वर माती. आन् ह्यो पाइप ठिवला, त्यांना वारं लागाया."

शिवांजलीनं पिवळ्या गोलावर या कडेपासून त्या कडेपर्यंत नजर फिरवली. तिनं विचारलं, "किती मोठी होती?"

"लई मोठी. दोन मोटा चालायच्या. तळ म्या कदीच पाह्यला न्हाई." म्हातारीनं बोटावर पाणी घेऊन पाइपाभोवती फिरवलं. "सकाळचं बघ, श्वास आत घेत्यात. दुपारचं सोडत्यात."

शिवांजलीनं ओढणीचा एक सुटा दोरा काढून पाइपावर धरला. दोरा थरथरला आणि हळूच आत ओढला गेला.

तिला कारण ठाऊक होतं. सकाळी हवेचा दाब वाढतो, दुपारी उतरतो. खाली मोठी पोकळी असेल, तिच्या दगडाच्या भेगांत लांबवर हवा असेल, तर तोंडाशी वारा आत-बाहेर होतो. कारण ठाऊक असूनही तिनं हात पटकन मागं घेतला. खाली भर असती तर दोरा हललाच नसता. त्या फरशीखाली अख्खी विहीर होती, आणि तिच्या ओल्या हवेत ते रूळ इतकी वर्षं गंजत होते.

---

मुख्याधिकारी साहेबांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोरा," ते म्हणाले.

"सर, खोदून पाहू. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"आणि निघाली तर? जागा सदोष असा शेरा पडला की जिल्हा नियोजनचा निधी दुसऱ्या गावाला वळला म्हणून समजा. आपल्या तिजोरीतून पगार भागत नाहीत, बाग काय होणार. मार्चच्या आत काम उभं राहिलं पाहिजे. नकाशावर काय लिहिलंय?"

"बुजवलेली."

"मग? मालकाकडून लेखी आणा, की बुजवली नव्हती. मी स्वतः थांबवतो."

ती विठ्ठलरावांकडं गेली. ते मैदानावरच होते, मंडपवाल्याला जागा दाखवत. शिवांजली लांबून बघत राहिली. विठ्ठलराव या टोकाकडून त्या टोकाला चार वेळा गेले आणि चारही वेळा पिवळ्या गोलाला वळसा घालून गेले. स्टेज त्यांनी पार पूर्वेच्या भिंतीला नेऊन लावलं होतं.

"अण्णा, विहिरीवर काय टाकलंय?"

"बुजवलीय की." ते मंडपाच्या खांबाकडं बघत होते.

"आजी म्हणतात झाकलीय."

"म्हातारीचं काय धरताय ताई. तिला सकाळचं खाल्लेलं ध्यानात ऱ्हात न्हाई."

"मग चला, जरा मधोमध उभं राहून बोलू."

विठ्ठलरावांचा चेहरा उतरला. त्यांनी मंडपवाल्याला हातानंच लांब धाडलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, माझ्या पोराचं, अमरसिंहचं नाव या बागेला जोडलंय. भवतालचे लोक आयुष्याची कमाई घालून घरं बांधून बसलेत. इतकी वर्सं काय झालं न्हाई. गुरं चरत्यात तिथं. आता कशाला वर काढताय?"

"गुरं एका ठोक्यावर नाचत नाहीत, अण्णा."

ते वळले आणि चालू लागले. गोलाला वळसा घालून.

---

शुक्रवारी संध्याकाळी गिरिजा स्वयंपाकघरात लेझमीचा सराव करत होती. शिवांजली भाकरी थापत होती. पाय पडला की फळीवरचे पेले किणकिणत. पहिल्या ठोक्याला थोडे, दुसऱ्याला जास्त, आणि पोरीची लय पेल्यांशी जुळली तसे ते सरकत सरकत फळीच्या कडेला आले. शिवांजलीनं पीठभरल्या हातानं ते धरले.

"बस कर, गिरिजा."

"उद्या आम्ही पहिले आहोत, आई."

उद्या पोरीला ताप आला असं सांगावं, हे तिच्या मनात दुपारपासून घोळत होतं. सोपं होतं. गिरिजा घरी राहिली असती आणि बाकीची त्या गोलात उतरली असती. तेवढ्यात तिला विठ्ठलरावांची चाल आठवली, तो वळसा. आपणही तेच करतोय. तवा तापून धूर निघाला तरी भाकरी तिच्या हातातच होती.

---

शनिवारी सकाळी मैदान भरलं. खुर्च्या, शाली, कर्णे. पाहुण्यांना उशीर होणार होता, पण अमरसिंहनं मुहूर्त टळू द्यायचा नाही असं ठरवलं. पांढऱ्या कपड्यांत तो सगळीकडं होता.

शिवांजली मंजुळाबाईंजवळ गेली. "मॅडम, नारळ फुटल्याशिवाय पोरांचं पाऊल मैदानात नको. भूमीची पूजा आधी."

"ते तर खरंय," मंजुळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पोरं दोरीमागं उभी केली.

मग शिवांजलीनं माइक घेतला. ही जागा ज्यांनी दिली त्या विठ्ठलअण्णांच्याच हातानं, मैदानाच्या मधोमध नारळ वाढवावा, अशी विनंती तिनं केली. टाळ्या झाल्या. अमरसिंह खूश झाला. "बापू, चला की."

तिचा हिशोब साधा होता. ते जाणार नाहीत, आणि ते जात नाहीत हे सगळं गाव बघेल.

विठ्ठलराव नारळ घेऊन निघाले. हिरव्या गवतातून झपाझप आले, आणि पिवळ्या कडेशी पाय थांबले. पुढं सरकेनात. त्यांनी एकदा शिवांजलीकडं पाहिलं, एकदा स्टेजवर बसलेल्या आईकडं. लोकांत कुजबूज सुरू झाली.

"बापू, दोन पावलं पुढं," अमरसिंह हसत म्हणाला. "लाजताय कावून?"

आणि विठ्ठलरावांनी तिथंच वाकून, कडेच्या एका दगडावर, नारळ फोडला.

शिवांजलीनं हे धरलंच नव्हतं. हलगीवाल्यानं नारळाचा आवाज ऐकला आणि त्याला सांगितलं होतं तसा पहिला ठोका दिला. दोरी पडली. पोरं ओळीनं धावत रिंगणात शिरली, दोघं-दोघं, जशी शिकवली होती तशी. गिरिजा दुसऱ्या जोडीत होती.

शिवांजली ओरडली, पण माइक आता हलगीवाल्यापुढं होता, कर्ण्यांतून हलगीच ऐकू येत होती. पहिला पाय पडला. खालून उत्तर आलं, जाड, ओलं, पोकळ. पुढच्या खुर्च्यांतल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

दुसरा पाय पडण्याआधी विठ्ठलराव आत होते.

इतकी वर्षं ज्या जागेवर त्यांनी चप्पल टेकवली नव्हती तिथं ते धोतर सावरत पळत गेले आणि हाताला येईल ते पोर बखोटीला धरून बाहेर लोटू लागले. "भाईर व्हा. खाली हीर हाय. भाईर." हलगी थांबली. पोरं रडत चारी बाजूंना पांगली. एकाची लेझीम सुटून पडली आणि खणखणत राहिली. शिवांजलीनं गोलाच्या कडेला गुडघे टेकून गिरिजाला दंडाला धरून ओढलं, मग तिच्यामागच्या पोराला, मग आणखी एकाला.

शेवटी आत एकटे विठ्ठलराव उरले. अगदी मधोमध. त्यांच्या पायाखाली बारीकसा कर्र असा आवाज झाला आणि ते पुतळ्यासारखे उभे राहिले. अमरसिंह पुढं झेपावला, त्याला चौघांनी धरलं.

"अण्णा, चालू नका," शिवांजली म्हणाली. आवाज आपोआप खाली आला होता, मोठ्यानं बोललं तरी काही तुटेल असा. "खाली बसा. हळू. आता पोटावर आडवे व्हा. हात-पाय पसरा. सगळं वजन एका जागी नको."

ते आडवे झाले. गाल वाळल्या गवताला लागला. सरपटत, इंच इंच, ते तिच्या आवाजाकडं येत राहिले. एवढ्या गर्दीत कुणी खोकलंसुद्धा नाही. ते मध्येच थांबले, डोळे मिटले, जमिनीला कान लावून काहीतरी ऐकल्यासारखे. मग पुन्हा सरकले. मंडपवाल्यानं लांब बांबू पुढं केला, तो त्यांनी धरला आणि लोकांनी त्यांना गोलाबाहेर ओढून घेतलं. पांढरा सदरा मातीनं भरला होता.

"बुजवली नव्हती," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "लेखी देतो."

अमरसिंह बापाकडं बघत होता. केसरबाई स्टेजवरून उतरून आल्या होत्या, कुणाला हात न लावू देता.

तेव्हा खाली काहीतरी निसटलं. वरती गवताचं पातंही हललं नाही. मध्ये इतका वेळ गेला की लोकांना वाटलं भास झाला. मग त्या लोखंडी पाइपातून, पार खोलवरून, पाण्यात जड वस्तू पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ थंड, शेवाळी वासाचा वारा.

कुणी सांगितलं नाही, तरी सगळे मागं सरकले. खुर्च्या तशाच राहिल्या.

शिवांजली मात्र तिथंच बसून होती. गिरिजानं तिच्या गळ्यात हात टाकले होते. पिवळ्या गवतात पोरांच्या इवल्या पायांचे ठसे गोलाकार उमटले होते, आठवडाभराच्या सरावाचे, एकावर एक, खोल. ती ते मोजू लागली आणि मध्येच थांबली.

"आई," गिरिजा कानात म्हणाली, "आम्ही इथं रोज नाचत होतो ना."

शिवांजलीनं पोरीला उचललं आणि रस्त्याकडं निघाली. हिरव्या गवतातून जातानाही तिचं प्रत्येक पाऊल आधी चाचपत, मग भार टाकत पडत होतं.