हातभर अंतर

गोल्फ हा खेळ मला कधी कळला नाही आणि कळावा असं वाटलंही नाही. एवढ्या मोठ्या कुरणात एवढासा बॉल हाणायचा, मग गाडीत बसून तो शोधत हिंडायचं आणि घरी येऊन व्यायाम झाला म्हणून दोन पोळ्या जास्त खायच्या! टेक्सासमधल्या फ्रिस्कोत घर घेतल्यावर माझ्या नवऱ्याला, गिरीशला, हे वेड लावलं ते नरेंद्रने. दोघे नागपूरचे, एकाच कॉलेजातले, अमेरिकेत आले तेही एकाच कंपनीत. शनिवारी सकाळी हे दोघे आणि श्रीरंग नावाचा त्यांच्या ऑफिसातला एक तरुण मुलगा, असे तिघे गावाबाहेरच्या पब्लिक कोर्सवर जायचे. मला शनिवारची सकाळ मोकळी मिळायची, म्हणून मी फारशी कटकट केली नाही.

२००६ साली मात्र घरात उठता-बसता एकच विषय झाला : गिरीशचं पटिंग.

बॉल ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर पोचला की तो हाणायचा नसतो. पटर नावाच्या काठीने हलकेच ढकलून भोकात घालायचा असतो. बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय मोठंसं! पण गिरीशच्या मते सगळा खेळ तिथेच होता, आणि तिघांत ह्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नरेंद्रचे फटके लांब जायचे, श्रीरंगचे त्याहून लांब. शेवटच्या हातभर अंतरात मात्र गिरीश दोघांना पाणी पाजायचा. लहानपणी गोट्या खेळून नेम बसलाय, असं तो सगळ्यांना सांगायचा. आपल्या नवऱ्याचं कौतुक ऐकायला कोणाला आवडत नाही? मीही ऐकून घ्यायचे.

त्या वसंतात ते हातभरावरचे बॉल चुकायला लागले.

गिरीश इंजिनियर माणूस. बिघाड झाला म्हणजे कारण असणार, आणि कारण असलं म्हणजे उपाय असणारच. त्याने शिकवणीच्या डीव्हीडी आणल्या. डोळे बरोबर बॉलच्या वर हवेत. मनगटं हलता कामा नयेत, खांदे झुलले पाहिजेत. बॉल भोकात पडल्याचा आवाज येईपर्यंत मान वर करायची नाही. पटर घट्ट धरायचा नाही. "तू पुरीची लाटी कशी धरतेस? बोटं उमटू न देता. तसंच," तो मला समजावून सांगायचा, जणू उद्यापासून मीच खेळणार होते. उजव्या हाताच्या खाली डावा हात घेऊन बघितला. पटरची मूठ बदलून जाड बसवली. मग पटरच बदलला. मग छातीपर्यंत पोचणारा एक लांबलचक पटर आला. मी म्हटलं, "ह्याला झेंडा बांध आणि दारात उभा रहा." तो हसलासुद्धा नाही.

हॉलमधल्या कार्पेटवर रोज सराव चालायचा. माझ्या मसाल्याच्या दोन डब्या समोरासमोर ठेवायच्या, त्यांच्यामधून बॉल काढायचा आणि पलीकडे आडव्या ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत घालायचा. मला जिरं हवं असलं तर आधी हॉलमध्ये जावं लागे. डब्या सारख्या पडायच्या. तो उचलून परत मांडायचा, त्या बरोबर सरळ रेषेत आहेत ना ते वाकून बघायचा आणि परत उभा राहायचा. ऑफिसातून दमून आलेला माणूस, चहा गार होऊन जायचा. माझा जीव तुटायचा आणि तोंडातून मात्र वैतागच बाहेर पडायचा.

कारण मला दिसत होतं. टीव्ही बघताना त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा आणि अंगठा बोटावर हळूहळू फिरत असायचा, तंबाखू मळावी तसा. ह्या माणसाने जन्मात कधी तंबाखू खाल्ली नाही. चालताना डावा हात हलायचा, उजवा अंगाला चिकटलेला. एकदा मी फोनवर होते आणि गॅसवरची फोडणी जळून काळी झाली, वरच्या खोलीतून मी ठसकत खाली आले. हा ओट्याशेजारी पेपर वाचत बसला होता. "वास नाही आला?" म्हटलं. "कसला वास?" म्हणाला.

पुण्याला माझ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. त्यांना कंपवात झाला होता. पुढे काय काय होतं ते मी आमच्या घरात पाहिलेलं आहे, काकूने भरवताना पाहिलेलं आहे.

मी गिरीशला सरळ सांगितलं. असल्या बाबतीत आडपडदा ठेवणं मला जमत नाही. "आपण न्यूरॉलॉजिस्टला दाखवू."

"पटिंगसाठी न्यूरॉलॉजिस्ट?"

"हाताला कंप आहे तुझ्या."

"अगं, ह्याला यिप्स म्हणतात. मोठमोठ्या खेळाडूंना होतात. ऐन वेळी हात दगा देतो. मेंटल असतं ते, सरावाने जातं."

"आणि टीव्ही बघताना कोणता बॉल मारत असतोस?"

तो उठून गराजमध्ये गेला. त्यानंतर हा विषय काढला की तो उठून जायचा. ऑस्टिनला शिकणाऱ्या आमच्या हिमानीला मी फोन केला, तर ती म्हणाली, "आई, जस्ट मेक द अपॉइंटमेंट. तू ड्राइव्ह कर आणि घेऊन जा त्याला." जणू बाप म्हणजे गाडीत टाकून न्यायचं गाठोडं. मी तिच्यावरही ओरडले.

मला त्याचं कळत नव्हतं असं नाही. पटिंग बिघडलं असेल तर ते सुधारता येतं. त्याला डीव्हीडी असते, नवी मूठ असते, सराव असतो. मी जे नाव घेत होते त्याला काहीच नव्हतं. म्हणून तो कार्पेटवर उभा राहायचा, आणि मी स्वयंपाकघरातून बघत भांडी आपटत राहायचे.

उन्हाळ्याच्या शेवटी नवंच सुरू झालं. पटर बॉलमागे टेकवून तो उभा राहायचा आणि हलायचाच नाही. डोळे बॉलवर, खांदे बरोबर, पाय बरोबर, सगळं शिकवल्याप्रमाणे, आणि पटर मागे येतच नाही. पाटीवर खडू टेकवलाय आणि अक्षर काढता येत नाहीये, असा त्याचा चेहरा व्हायचा.

एका शनिवारी तो लवकर परत आला. गाडी गराजमध्ये आल्याचा आवाज आला, दार काही उघडलं नाही. मी बाहेर गेले तर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

"काय झालं?"

"त्या लोकांनी मला लिंबूटिंबू करून टाकलं, सुलेखा."

किती वर्षांनी तो शब्द ऐकला! शेजारचं शेंबडं पोर रडतं म्हणून लपाछपीत घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही, त्याचं आउट होणं धरायचं नाही. पोर बिचारं खूश असतं, आपण खेळतोय म्हणून.

मग हळूहळू सांगितलं त्याने. बॉल भोकाच्या अगदी जवळ असला तर समोरचा म्हणू शकतो, दिला. म्हणजे हा पडणारच, मारायची गरज नाही, उचल. अमेरिकन लोक त्याला गिमी म्हणतात. चांगल्या खेळणाऱ्याला दिलेला तो मान असतो. गिरीश तो कधीच घ्यायचा नाही. बॉल पडल्याचा आवाज आला पाहिजे, म्हणायचा. आता नरेंद्र आणि श्रीरंग त्याला हातभराचे देत होते, मग चार हातांचे, आणि त्या दिवशी ग्रीनच्या दुसऱ्या टोकावरूनही नरेंद्र म्हणाला होता, "दिला बे, उचल."

"तू काय केलंस?"

"मी म्हटलं पोट दुखून राहिलं, आणि आलो."

पुढच्या शनिवारी मी म्हटलं, मी येते. "तू? तिथे उन्हात काय करशील?" म्हणाला. म्हटलं, तुमची ती कार्ट चालवीन. त्याने जास्त विचारलं नाही. मलाच नीट ठाऊक नव्हतं की मी कशाला निघाले होते. नरेंद्रशी भांडायला, बहुतेक.

नरेंद्रने मला बघून डोक्याला हात लावला. "वहिनी, आज सूर्य कुठे उगवला?" म्हणाला. माणूस वाईट नाही. आमच्या पडत्या काळात त्याच्या घरी आम्ही महिनाभर राहिलो आहोत. गिरीशकडे तो ज्या नजरेने बघत होता ती मी ओळखली. काकांकडे आम्ही सगळे तसंच बघायचो.

पहिल्या दोन-तीन होल्सना गिरीशचा बॉल ग्रीनवर पोचायच्या आतच हे दोघे "दिला, दिला" करून मोकळे. तो बॉल उचलायचा. मी कार्टमध्ये बसून दात आवळत होते. चौथ्याला त्याचा बॉल भोकापासून अगदी हातभरावर आला. आमच्या कार्पेटवरचं अंतर. नरेंद्रने तोंड उघडलं, "दिला रे गि..."

"काही देऊ नका!" मी कार्टमधून उतरून ओरडले. "टाकेल तो. रोज टाकतो घरी. खेळायला येतो ना तुमच्याबरोबर? मग खेळू द्या त्याला!"

ग्रीनवर असं ओरडायचं नसतं, हे मला नंतर कळलं. श्रीरंग खाली बघायला लागला. नरेंद्र म्हणाला, "सॉरी, वहिनी. मार बे गिऱ्या. सावकाश मार."

गिरीश बॉलपाशी गेला. लांब पटर छातीला टेकवला. डोळे बॉलच्या वर. खांदे सैल. मी स्वयंपाकघरातून रोज बघत होते, मला सगळं पाठ झालं होतं. मी मनातल्या मनात त्याचा पटर मागे ओढत होते.

तो हलला नाही.

आमच्या मागून खेळत येणारी चौघांची टोळी येऊन थांबली. एकाने कमरेवर हात ठेवले, दुसऱ्याने टोपी काढून घाम पुसला. नरेंद्र भोकातली झेंड्याची काठी हातात धरून दुसरीकडेच बघत होता. गिरीशच्या मानेवरून घामाचा ओघळ शर्टात गेला. मी देवाला म्हटलं, चुकू दे, वाटेल तिकडे जाऊ दे, पण एकदा मारू दे त्याला.

मग त्याने मान वर केली. बॉल पडल्याशिवाय जी वर करायची नसते, ती. पटर छातीवरून काढला.

"नरेंद्र," तो म्हणाला, "दिला म्हणत होतास ना?"

नरेंद्रने मान डोलावली.

"घेतला."

वाकायलाही त्याला वेळ लागला. डाव्या हाताने त्याने बॉल उचलला, खिशात टाकला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सोमवारी कर फोन त्या डॉक्टरला."

ह्याच वाक्यासाठी मी महिनोन्महिने भांडत होते. ते कानावर पडलं मात्र, मी त्याचा दंड धरला.

"नाही," मी म्हटलं, "परत ठेव तो बॉल. एकदा मार, गिरीश. एकदाच."

"चल, सुलेखा," तो म्हणाला. "मागे लोक थांबलेत."