तळची बाटली

"मामा, तळची बाटली दावा, म्हंजे उतरतो," कमरेला दोर बांधत सम्राट म्हणाला.

गुंडूने बाटली पुढे केली. सम्राटने ती उन्हाकडे धरली. पाणी निवळशंख.

"बघ की. पिऊन दावू काय?" गुंडू म्हणाला, तसा सम्राट हसला आणि त्याने पाठीवर हवेची टाकी चढवली.

धरणाच्या तळाशी, बोगद्याच्या तोंडावर लोखंडी जाळी होती. तिच्यातला पाला-लाकडं काढायला दर उन्हाळ्यात पाणबुड्या उतरायचा. तळातलं पाणी बघितल्याशिवाय त्यानं उतरायचं नाही, हा दंडक गुंडूनेच घातलेला. सत्तावीस वर्षं तो इथे पाण्याचे नमुने घेत होता. साहेब लोक वरून पाणी बघतात आणि खूश होतात. पण घाटात पाऊस झाला की गाळानं जड झालेली नदी तलावात शिरताच बुडी मारते. वर आरसा, आणि खाली नदी आपल्या जुन्या पात्रातून, जणू तलाव झालाच नाही अशी, धरणापर्यंत चालत येते. हे गुंडूला कुणा साहेबानं नाही, बाटलीनं शिकवलं होतं.

एक गोष्ट मात्र सम्राटला ठाऊक नव्हती. जाळी होती जुन्या पात्रात, मधोमध. तिथं होडीनं जाऊन बाटली सोडावी लागे. गेल्या वर्षापासून गुंडूचे गुडघे त्याला होडीत बसू देईनात. मग तो कडेच्या पायरीवरूनच, जुन्या पात्राबाहेर, बाटली सोडू लागला. वर्षभरात काही बिघडलं नाही. काल संध्याकाळी घाटाकडं वीज चमकताना त्यानं पाहिली होती, तरी आज सकाळी तो पायरीवरच बसला.

अकरा वाजता सम्राट खाली गेला. दोराला दोन हिसके आले, म्हणजे पोचला. इतक्यात गुंडूचा फोन वाजला. तलावाच्या वरच्या टोकाला पाण्याच्या पातळीची पट्टी वाचणारी बयाबाई होती.

"आण्णा, सकाळपास्नं नदी लालभडक हाय. पर तळ्यात शिरली की दिसंना झालीया. समदा पाला एका रेघंत गोळा हुऊन थांबलाय. म्हटलं निवळलं आसंल, म्हणून फोन न्हाय केला."

"रेघ कवापास्नं हाय?"

"सातपास्नं की."

सात ते अकरा. त्या रेघेपाशी नदीनं बुडी मारली होती, आणि चार तासांत ती जाळीपर्यंत पोचली असणार.

"वढा. दोर वढा," तो दोर धरलेल्या मजुरांवर ओरडला.

दोर ताठ झाला, पण हलला नाही. खालून एक हिसका नाही. वर पाणी तसंच निवळ, त्यात आभाळ दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा गुंडूला पाण्याची भीती वाटली.

दुसरे पाणबुडे यायला आणि गढूळ लोटाचा जोर ओसरायला दुपार उलटली. गाळाच्या अंधारात दोर जाळीच्या गजांत गुरफटला होता. टाकीतली हवा संपली होती. सम्राटची बायको क्रांती कागलहून आली, तेव्हा त्याला चादरीखाली निजवलं होतं.

शाखा अभियंता विश्वजित यांनी गुंडूला बाजूला घेतलं. "मामा, तुमची बाटली स्वच्छच हुती की. तसंच लिवूया. त्यो खाली घाबरला आसंल. तुमचं रिटायरमेंटला दोन महिनं ऱ्हायल्यात."

गुंडू पायऱ्या उतरला. तो होडीत बसला. गुडघ्यांतून कळ डोक्यापर्यंत गेली. वल्हवत तो मधोमध गेला, बाटली तळाला सोडली, बुचाची दोरी ओढली. आंबिलीसारखं दाट, लाल पाणी वर आलं.

परत येऊन त्यानं ती बाटली क्रांतीपुढं ठेवली. शेजारी सकाळची.

"पोरी, ही आत्ता मधनं आणली. सकाळची म्या पायरीवरनं घेतलीती. त्येनं माझ्यावर इस्वास ठेवला. चूक माझी हाय, त्येची न्हाय."

विश्वजित साहेबांनी मान फिरवली. क्रांती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मग तिनं लाल पाण्याची बाटली उचलली आणि उन्हाकडे धरली. ऊन पलीकडे आलं नाही.