सामनेवाली क्रमांक दोन

मोनालीनं पेनाचं टोपण काढलं, तिसऱ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात सही केली, आणि चौथं पान उलटल्यावर तिचा हात थांबला.

"फुल्या केल्यात तिथे फक्त सह्या करा," ॲडव्होकेट सारिका बडगुजर संगणकावरची नजर न काढता म्हणाल्या. "वाचत बसू नका. मागच्या आठवड्यात तुम्ही सांगितलंत तेच आहे."

पण मोनालीचं वाचून झालं होतं. नववा परिच्छेद. 'सामनेवाली क्रमांक दोन ही अर्जदारास सतत टोचून बोलत असे, उपाशी ठेवत असे, तसेच माहेराहून चारचाकी गाडी आणावी म्हणून तगादा लावत असे. दिनांक १४ सप्टेंबर रोजी तिने अर्जदारास अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर काढले.' क्रमांक एक म्हणजे मोनालीचा नवरा, धर्मेंद्र. क्रमांक दोन म्हणजे त्याची आई, भिकुबाई.

"मॅडम, हे असं नव्हतं."

"कोणतं?"

"नववं. आईंनी मला कधी उपाशी ठेवलं नाही. आणि गाडीचं तर घरात कधी नावही निघालं नाही."

मॅडमनी टेबलावरची वही ओढली, पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. तुमचं वाक्य. 'आईंनीच मला त्या घरातून बाहेर काढलं.' मी शब्द न् शब्द लिहून घेते."

"म्हणाले होते मी. पण काढलं म्हणजे..." मोनालीनं पेनाचं टोपण लावलं. "त्यांनी माझी बॅग भरली. रिक्षात माझ्याशेजारी बसून स्टँडपर्यंत आल्या. माहेरी, पारोळ्याला जाणाऱ्या गाडीत शिरून जागा धरून दिली."

मॅडमनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. बाई काही वाईट नव्हती. पहिल्या भेटीत मोनालीला रडू कोसळलं तेव्हा तिनं बाहेरच्या पक्षकारांना अर्धा तास थांबवून ठेवलं होतं. पण दाराबाहेरच्या बाकावर आजही सहा जण बसले होते, आणि उद्यापासून कोर्टाला महिनाभराची सुट्टी लागत होती.

"मोनाली, तुमचं म्हणणं काय, तर नवरा चौदा महिने तुमच्याशी बोलला नाही. मान्य. तो छळच आहे, कायदाही तसं मानतो. पण दाखवायचं कसं? मारलं तर वळ दाखवता येतो, शिवी दिली तर शेजारी ऐकतात. न बोललेलं कोणी ऐकलं?"

"आईंनी."

"म्हणजे सासूबाईंनी." मॅडम किंचित हसल्या. "वीस वर्षं झाली मला या कामात. पोटच्या मुलाविरुद्ध साक्ष द्यायला आलेली सासू मी अजून पाहिली नाही. एकट्या न बोलण्यावर अर्ज केला तर तो म्हणेल, माझा स्वभावच कमी बोलायचा आहे. जज्जसाहेब म्हणतील, घरी जा, जुळवून घ्या. म्हणून आम्ही घरातल्या सगळ्यांची नावं घालतो. पुढे तडजोड झाली की काढून टाकतो."

"मी लॅबमध्ये काम करते, मॅडम. जे रक्तात नाही ते रिपोर्टात लिहीत नाही आम्ही."

"बरोबर आहे तुमचं." मॅडमनी पुन्हा कीबोर्डवर हात ठेवले. "चार वाजेपर्यंत दाखल करून घेतात. त्यानंतर एकदम जूनमध्ये. बाहेर बसून विचार करा."

मोनाली कागद घेऊन उठली. बाहेरच्या बाकावर जागा होती, पण तिला बसवेना. तोंडाला ओढणी गुंडाळून ती जिना उतरली आणि कोर्टाच्या कुंपणाला लागून चालत सुटली. एप्रिल संपत आला होता. डांबर मऊ झालं होतं. झाडाखालच्या टंकलेखकांनी टेबलांवर ओली फडकी टाकली होती. ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि मागं फिरली, पुन्हा गेली, पुन्हा फिरली. उसाच्या रसाचा पेला अर्धाच पिऊन खाली ठेवला. तेवढ्यात पारोळ्याहून वडिलांचा फोन आला.

"झाली का सही?"

"होतेय, नाना."

"सही कर आणि मोकळी हो, बेटा. फार विचार करू नको."

मोकळी हो. त्या घरातल्या अबोल्याची सुरुवातही अशाच एका साध्या शब्दानं झाली होती. पावणेदोन वर्षांपूर्वी तिनं धर्मेंद्रला सांगितलं, मला लॅबमध्ये नोकरी लागलीय, सोमवारपासून जाणार. तो चटईच्या कारखान्यात सुपरवायझर होता, नुकताच पाळी संपवून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "ठीक आहे." ते शेवटचं. पहिले आठ दिवस तिला वाटलं, राग आहे, उतरेल. महिन्याभरानं तो समोर बसलेल्या तिच्यादेखत आईला सांगू लागला, "तिला म्हणावं, डबा नको." मग तेही थांबलं. त्यानं कधी हात उगारला नाही, ताट भिरकावलं नाही. ती खोलीत आली की तो भिंतीकडं बघावं तसा तिच्या आरपार बघायचा. एकदा तिला ताप चढला आणि ती मोरीशी पडली, तेव्हा तो तिला ओलांडून अंघोळीला गेला. पुढेपुढे लॅबमध्ये आलेल्या माणसाचं नाव ती दोनदोनदा विचारू लागली. समोरून उत्तर येतं, एवढंच ऐकण्यासाठी.

एक रिक्षा तिच्याजवळ येऊन थांबली. "कुठे ताई?"

"पिंप्राळा," ती म्हणाली, आणि आपण सासरचा पत्ता सांगितला हे तिला रिक्षा सुरू झाल्यावर कळलं.

कॉलनीच्या तोंडाशी उतरून ती आधी गल्लीवरून पुढेच निघून गेली. किराणा दुकानापाशी उभी राहिली. घड्याळात पावणेदोन. धर्मेंद्र पहिल्या पाळीला असेल तर साडेतीनला येणार. दुसऱ्या पाळीला असेल तर आत्ता घरात जेवत असेल. ती परत फिरली. अंगणात मोटरसायकल नव्हती.

"कोन शे?" गच्चीवरून आवाज आला. भिकुबाई कठड्यावरून वाकून खाली बघत होती, डोक्यावर ओला पंचा. तिनं पंचा मागं सारून नीट पाहिलं. मग आपल्या अहिराणीत म्हणाली, "वर ये. मना हात भरेल शेत." तिचे हात कोपरापर्यंत पिठानं माखले होते.

गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यांवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे घातले होते. सकाळी घातलेले आता वरून वाळले होते आणि भिकुबाई एकेक सोडवून उलटा करत होती. मोनाली जिन्याच्या सावलीत उभी राहिली. सात महिन्यांनी भेटत होत्या दोघी.

"जेवनी का?"

"हो."

"खोटं नको बोलू."

मोनाली खाली बसली. तिनंही एक बिबडा सोडवला, दुसरा सोडवला. तिसरा तिच्या हातात मोडला. तेव्हा तिनं पिशवीतून कागद काढले.

"आई, मी वकिलाकडे गेले होते. अर्ज तयार झालाय. त्यात तुमचंही नाव आहे."

"वाच."

"सगळं?"

"मनं शे तेवढं वाच."

मोनाली वाचू लागली. 'सामनेवाली क्रमांक दोन ही अर्जदारास...' तिचा आवाज लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवताना होतो तसा सपाट झाला होता. उपाशी, तगादा, अंगावरचे कपडे. भिकुबाईचे हात चालूच होते. परिच्छेद संपला तेव्हा तिनं हातातला बिबडा जागेवर ठेवला आणि पंच्यानं तोंड पुसलं.

"असं लिखं म्हनजे तू लवकर सुटशीन?"

"वकील मॅडम म्हणतात तसं."

"मंग कर सही. मी कोर्टात सांगी दिसू, हो, मीच करं बठ्ठं." सगळं मीच केलं असं कोर्टात सांगायचं ती अगदी सहज म्हणाली, दुकानातून मीठ आणते म्हणावं तसं. "माले काय व्हनार शे आते या वयात?"

"नाही करणार," मोनाली म्हणाली. आपला आवाज इतका चढेल असं तिलाही वाटलं नव्हतं. शेजारच्या गच्चीवर वाळवणं राखत बसलेल्या बाईनं मान वर केली. "तुम्ही नसतात तर मी त्या घरात... मी तुमच्यावर असं नाही लिहिणार. राहिलं तर राहिलं. जूनमध्ये बघू. दुसरा वकील बघू."

"दुसरा काय निराळं लिखनार शे?"

 सात महिन्यांत मोनालीनं तीन वकिलांची दारं पाहिली होती. पहिल्यानं विचारलं, मारतो का? दुसऱ्यानं विचारलं, पितो का? बाहेर काही भानगड? तेही नाही म्हटल्यावर त्यानं सरळ विचारलं, मग त्रास काय आहे तुम्हाला?

दोघी बिबडे उलटत राहिल्या. ऊन सावलीच्या कडेला आलं तशी मोनाली सरकून बसली.

"तू गयी त्या दिनपासून तो मनासंगेबी बोलत नही," भिकुबाई म्हणाली.

मोनालीनं हात आवरला.

"तुले गाडीवर बसाडी घर उनू. त्यानी इचारं, कोठे गयी ती? मी सांगं, मीच धाडी. बस." ती एका बिबड्याची कड नखानं उचलत होती, पण कड सुटत नव्हती. "डबा भरी ठेवस, तो लई जास. ताट वाढस, जेवस. घरमा दोन मानसं शेत, आनि दिनभर माले मनाच आवाज ऐकू येस."

"मला कळवलं का नाही तुम्ही?"

"काय कळावनार? माले सवय शे." कड सुटली. "तेन्हा बाप बी असाच व्हता. माले वाटे, बठ्ठा पुरुष असाच राहतस. तुनं हाल पाह्यनात, तव्हय समजनं."

मोनालीनं सासऱ्यांना पाहिलेलं नव्हतं. तिच्या लग्नाआधीच ते गेले होते. बैठकीत त्यांचा फोटो होता, फेट्यातला, आणि घरात सगळे त्यांना देवमाणूस म्हणत. भिकुबाईच्या तोंडून मात्र त्यांच्याबद्दल आजवर चांगला-वाईट एकही शब्द तिनं ऐकला नव्हता. आत्ता ते तिच्या लक्षात आलं.

खालून कुठल्यातरी गाडीचा आवाज आला. दोघींनी एकदमच कान दिला. गाडी पुढे निघून गेली.

भिकुबाई गुडघ्यावर हात देत उठली. कठड्याजवळच्या बादलीत तिनं हात कोपरापर्यंत धुतले. "वकीलीनबाई किती वाजेलगून राहस?"

"चार."

"थांब. लुगडं बदली लेस."

ती खाली गेली. मोनाली तिच्या मागोमाग उतरली. सात महिन्यांनी ती त्या बैठकीत उभी होती. टीव्हीसमोरची खुर्ची तशीच होती. आतून पेटी उघडल्याचा, बांगड्यांचा आवाज आला. भिकुबाई बाहेर आली तेव्हा तिनं जांभळं नेसलं होतं, लग्नाकार्यात नेसायचं. ओट्यावर तिनं ताट वाढून झाकून ठेवलं आणि गॅस बंद असल्याची दोनदा खात्री केली.

"त्यांना काय सांगायचं?" मोनालीनं विचारलं. "घरी आल्यावर विचारतील ना, कुठे गेलात म्हणून."

"इचारनार कोन शे?" भिकुबाई म्हणाली, आणि तिनं दाराला कडी घातली.

चेंबरमध्ये पोचल्या तेव्हा सव्वातीन झाले होते. बाहेरच्या बाकावर दोनच जण उरले होते. सारिका मॅडमनी आधी मोनालीकडे आणि मग तिच्यामागच्या जांभळ्या लुगड्यातल्या बाईकडे पाहिलं.

"सह्या झाल्या?"

"नाही. नववा परिच्छेद काढा, मॅडम," मोनाली म्हणाली. "या माझ्या सासूबाई. साक्षीदार म्हणून यांचं नाव घाला."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. भिकुबाईला खुर्ची दिली. पाणी दिलं. मग सावकाश, एकेक शब्द वेगळा करून समजावलं, की मावशी, हे तुमच्या मुलाविरुद्ध आहे. उद्या तो घराबाहेर काढू शकतो. गावातले, भाऊबंद, सगळे बोलतील. कोर्टात त्याचा वकील तुम्हाला नाही नाही ते विचारेल. इथे कोणाच्या दबावाखाली आलात का?

"मी रिक्सामा बसीसन उनू," भिकुबाई म्हणाली.

"बरं." मॅडमनी नवं पान उघडलं. नाव विचारलं, वय विचारलं. वय भिकुबाईला नक्की सांगता येईना, तेव्हा अंदाजे साठ घातलं. "आता तुमच्या शब्दांत सांगा. मी लिहून घेते."

भिकुबाईनं पदर सारखा केला. खोलीत पंखा फिरत होता, टेबलावरचे कागद वजनाखाली फडफडत होते. मोनाली तिच्या खुर्चीमागे उभी होती. तिथून तिला फक्त भिकुबाईचा अंबाडा दिसत होता आणि खुर्चीच्या हाताला घट्ट धरलेली बोटं, नखांत अजून पीठ राहिलेलं.

"मनं लगीन झायं तव्हय मी सोळा वरीसनी व्हतू," भिकुबाईनं सुरुवात केली. "चोपड्यापाइन उनू. पह्यले दोन महिने तो बोले. मंग एक दिन भाजीमा मीठ जास्त पडनं..."

मॅडमची बोटं चार-पाच शब्द चालली आणि थबकली. त्यांनी मोनालीकडे पाहिलं. मोनालीनं त्यांची नजर धरून ठेवली.

"मावशी," मॅडम हळू म्हणाल्या, "हे तुमचं झालं. आपल्याला सुनेचं सांगायचंय."

"तेच सांगी राह्यनू," भिकुबाई म्हणाली.

साडेतीन होऊन गेले होते. मॅडम उठल्या, बाहेर बसलेल्या दोघांना उद्या या म्हणून सांगितलं आणि आतून दार लावून घेतलं.