न मोजलेले चेंडू

“हात कसा आहे, असं ग्रेडीला कधी विचारू नकोस,” लोर्ना म्हणाली. मैदानाशेजारच्या लाँड्रीत आम्ही दोघी मशीन थांबायची वाट बघत होतो. तिचा नवरा आमच्या संघाचा कॅचर, आणि या छोट्या बेसबॉल लीगमध्ये ती माझ्यापेक्षा कितीतरी जुनी. “विचारलंस की ‘मस्त’ म्हणेल. मरायला टेकला तरी ‘मस्त’! त्यापेक्षा घरी लोणच्याची बरणी कुठल्या हाताने उघडतो, ते बघत जा.”

“लोर्ना, मी लग्न केलंय गं. पाळतीवर नाही बसलेले,” मी हसले आणि टेसची दुपटी ड्रायरमध्ये कोंबली.

तेव्हा ग्रेडी खरोखरच मस्त होता. सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, दमला की नऊ इनिंगच्या सामन्यात सातव्या-आठव्या इनिंगला त्याचं काम सुरू व्हायचं. दुसऱ्याने घालून ठेवलेला गोंधळ निस्तरायचा आणि श्रेय तिसऱ्याला जाताना बघायचं. इतकी वर्षं तो हेच करत आला होता, दर दोन उन्हाळ्यांनी नव्या गावात, भाड्याच्या नव्या खोलीत. मोठ्या लीगने एकदाच बोलावलं. गणवेश अंगावर चढला, मैदानात उतरायची पाळी काही आली नाही, आणि आठवड्याच्या आत तो परत आमच्याबरोबर मका भाजत बसला होता. त्याबद्दल तो कधी बोलत नाही. विचारलंच तर म्हणतो, “तिकडचं जेवण छान होतं.”

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारचा सामना होता. खेळाडूंच्या बायकांसाठी राखलेल्या जागा भर उन्हात, म्हणून मी टेसला घेऊन उजव्या कुंपणापाशी सावलीत जाऊन बसले. समोरच बुलपेन, म्हणजे राखीव पिचरांचा बाक आणि सरावाची पट्टी. इतक्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं.

भिंतीवरचा फोन वाजला. बाकावरच्या कोच रूडींनी तो उचलला आणि ते ओरडले, “ग्रेडी, ऊठ!”

ग्रेडी उठला. आधी सावकाश, मग अंगातलं सगळं काढून चेंडू टाकू लागला. कॅचरच्या हातमोज्यात आवाज घुमायला लागला तसा फोन पुन्हा वाजला. “बस बाबा. मैदानातला म्हातारा अजून एक इनिंग काढतोय,” रूडी म्हणाले. ग्रेडी बसला. टॉवेल खांद्यावर घेतला. घाम वाळेपर्यंत पुन्हा फोन. पुन्हा उठला, पुन्हा तापला, पुन्हा बसला. नवव्या इनिंगला आणखी एकदा.

माझ्या मागचा एक टोपीवाला ओरडला, “अरे, त्याला एकदा आत तरी घ्या! नाहीतर पगारातून बाकाचं भाडं कापा!”

लोक हसले. ग्रेडीही हसला. “भाडं कधीचं थकलंय, काका!” म्हणाला. सामना संपला. तो आत गेलाच नाही.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. “आज खेळला नाही वाटतं? बरं झालं, पोराच्या हाताला जरा आराम.”

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले. आकडे काय सांगतात ते मला कळतं, आणि त्या दिवशी आकड्यांत ग्रेडीने एकही चेंडू टाकला नव्हता. असे किती रविवार तो खेळला नव्हता, कोण जाणे. त्यानंतर मी बरणीकडे बघायला लागले. तो ती मांडीत दाबून डाव्या हाताने उघडत होता. दात डाव्या हाताने घासत होता. गाडीची किल्ली फिरवताना अर्धा आडवा व्हायचा.

“डॉक्टरांना सांग,” मी एका सकाळी म्हटलं. “दुखापत नोंदवली की बरा होईपर्यंत ते तुला काढू शकत नाहीत. उपचारही क्लबच करतो. आणि धडधाकट म्हणून काढलं, तर मग आपलं आपण. टेस आहे आता, ग्रेडी.”

“नोरा, एकदा का दुखापतीच्या यादीत गेलो की माझं नाव कुणाला आठवणार नाही गं.”

“आता आठवतं?”

तो टेसला भरवत होता. त्याने तिचं तोंड पुसलं. “बघतो. या आठवड्यात सांगतो,” म्हणाला.

गुरुवारी मॅनेजरनी त्याला खोलीत बोलावलं. मी गाडीत थांबले होते. टेस झोपली होती आणि मी मनातल्या मनात एकच घोकत होते: सांग, आत्ता सांग. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर सगळं सामान होतं.

“मॅनेजरनी विचारलं, हात कसा आहे,” तो सीटवर टेकत म्हणाला. “मस्त म्हटलं. मग त्यांनी दार लावून घेतलं, माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि पुन्हा विचारलं.”

“पुन्हा? अरे, म्हणजे त्यांना माहीत होतं! वाट करून देत होते ते तुला!”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“मस्त म्हटलं.” त्याने खांद्यावरचं सामान पायाशी ठेवलं. “नोरा, फोन वाजला आणि मी उठलो नाही, असं एकदाही झालेलं नाही. तेवढंच आहे माझ्याकडे. ते त्यांच्यासमोर टाकून कसा येऊ?”

मी हात लांब करून त्याचा पट्टा लावला.

आता तो कॅन्ससमधल्या एका संघात आहे. त्या संघातून वरच्या कुठल्याच लीगमध्ये जाता येत नाही, आणि बुलपेनमधल्या फोनऐवजी कुणीतरी टोपी हलवून खूण करतं. कोपर अजून कुणाला दाखवलेलं नाही. मी टेसला घेऊन माझ्या आईकडे आहे. टेस आता धरून धरून उभी राहते. तो रोज व्हिडिओ कॉल करतो, पण थोड्या वेळाने कॅमेरा छताकडे वळवतो.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल, तर एखाद्या रविवारी दुपारी जाल का? तिकीट स्वस्त आहे. सातव्या इनिंगला उजव्या कुंपणापाशी उभे राहा. उंच, मक्याच्या कणसाच्या केसांसारखी दाढी, पाठीवर चव्वेचाळीस नंबर. तो दुसऱ्यांदा उठला की जरा थांबा. परत बसताना त्याचा चेहरा कसा होतो, तेवढं मला कळवा.