पाहुण्यांची लाल सॅक

मित्रांनो, मी दप्तर नाही, हे आधी सांगून टाकते. मी एक जुनी, लाल, पाठीवर घ्यायची सॅक आहे. माझी एक चेन अडते आणि डावा पट्टा दोनदा शिवलेला आहे. पण अजून पोटात दोन माणसांचे कपडे सहज मावतात, बरं का!

नाशिकच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. कॉलेजात शिकणाऱ्या प्रफुल्लने मला हौसेने विकत घेतले. त्याच्याबरोबर मी किती किल्ले चढले! मित्र म्हणायचे, "सॅक असावी तर अशी." तेव्हा मी अगदी फुगून जायचे. पुढे त्याला अमळनेरच्या बँकेत नोकरी लागली, वृषालीशी लग्न झाले आणि माझे दिवस फिरले. मला माळ्यावर टाकले. माझ्यात गोधडीसाठी जुनी लुगडी कोंबली. एका उंदराने तर माझ्या कप्प्यात संसारच थाटला. कोणाला सांगणार?

घर मोठे, माणसे पुष्कळ. सगळी प्रेमळ होती, खोटे कशाला बोलू? पण त्या गजबजाटात नवराबायकोला एकमेकांशी बोलायला सवड नव्हती. "डबा भरला का?" आणि "गॅस संपलाय" एवढ्यावर त्यांची वर्षे चालली होती. एका हिवाळ्यात वृषालीने मला खाली ओढले, घासून धुतले, उन्हात वाळवले आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, दोन दिवस मला कुठेतरी न्या. कोणाच्या घरी नाही. फक्त आपण दोघं."

"सुरत?" प्रफुल्ल म्हणाला.

"चालेल. पण मामाला कळता कामा नये हं!"

तिचा सख्खा मामा, दगामामा, सुरतेत नवागामला राहतो. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्या रंगवण्यात त्याचे आयुष्य गेले. आणि आमच्या खानदेशात गावात नातलग असताना लॉजवर उतरणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणे. तरीही ती दोघे स्टेशनजवळच्या लॉजवर उतरली. चोरासारखी, पण हसत.

काय तो दिवस होता, मित्रांनो! सकाळी गरम लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा मऊ लगदा, खाल्ला. तेलमसाला वृषालीच्या हनुवटीवर ओघळला आणि प्रफुल्लने तो रुमालाने पुसला. चौटा बाजारात बांगड्यांपासून चादरींपर्यंत सगळे रस्त्यावरच ओसंडत होते. "आवो बेन, जोई तो जुओ!" म्हणजे या ताई, बघा तरी, असे दुकानदार ओरडत होते. गर्दीतून रस्ता ओलांडताना प्रफुल्लने तिचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडायचे विसरला. तिनेही आठवण करून दिली नाही. दुपारी दोघे डुमसच्या समुद्रकिनारी गेली. काळ्या वाळूवर बसून टोमॅटोची भजी खाल्ली. मला मध्ये ठेवले होते, मग तिनेच मला बाजूला सारले. मला मुळीच राग आला नाही.

संध्याकाळी दोघे पोंक खायला थांबली. पोंक म्हणजे आपला कोवळा हुरडाच, वर लिंबूमिऱ्याची शेव. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच मागून आवाज आला, "वृषा! तू कव्हय उनी वं?"

कधी आलीस, असे विचारत होता तो दगामामा! घरी न्यायला पोंक घेत होता. लॉजचे कळल्यावर त्याचा चेहरा एवढासा झाला. "घर र्‍हाईसन लॉजमा? मी काय मरी गऊ का वं?" घर असून लॉजमध्ये, मी काय मेलो का?   मामाने सरळ मला उचलले, खांद्यावर टाकले आणि चालू लागला. पाहुण्याची पिशवी हातात आली की पाहुणा मागून येतोच, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. 

नवागामच्या त्या दोन खोल्यांत पाहुणचाराला काही कमी नव्हते. शेजारपाजार जमला. प्रफुल्ल बाहेर खाटेवर पुरुषांत आणि वृषाली आत बायकांत. झाले, पुन्हा जसेच्या तसे! मला फार वाईट वाटले.

बायका गेल्यावर काशीमामी भाकरी थापायला बसली. "काय काय पाहिलं गं?" तिने विचारले. वृषाली सांगू लागली. बाजार, भजी, समुद्र. मामीचा हात परातीत थांबला.

"समुद्र आवाज करतो का गं?"

"मामी, तुम्ही डुमसला गेला नाहीत?"

"लग्न होऊन सुरतेत आले, ती या गल्लीत. तुझे मामा मिलमध्ये, मी चुलीपाशी. पाहुणे आले की राबायचं, गेले की झोपायचं. फिरायला जाऊ, असं कोणी म्हणालंच नाही." मग तिने वृषालीकडे नीट पाहिले. "तुम्ही दोघंच फिरायला आला होतात ना? आम्ही आडवे आलो बाई."

वृषालीला रडूच फुटले. मामीने पिठाच्याच हाताने तिला जवळ घेतले.

दुसऱ्या दिवशी मामाच्या मिलला सुट्टी होती. चहा झाल्यावर मामीने मला आणून उंबऱ्यावर ठेवले. "पोरांना जाऊ द्या," ती मामाला म्हणाली.

"पाहुण्याला न जेवू घालता काढतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोकांना मी चहा पाजीन."

प्रफुल्ल हळूच म्हणाला, "मामा, रागावू नका. घरच्या गर्दीत हिच्याकडे नीट बघायचंच राहून गेलं होतं. म्हणून आलो." मामा खाली बघत राहिला.

तेवढ्यात वृषालीने भर ओसरीत मला रिकामे केले. आपले कपडे एका कापडी पिशवीत भरले. माझ्यात पाण्याची बाटली, दोन भाकऱ्या, ठेचा आणि मामीची शाल ठेवली आणि मला मामीच्या पाठीवर चढवले. नऊवारीवर लाल सॅक! गल्लीतली पोरे खिदळली. "मामा, आम्ही सुरतेचा किल्ला बघायला निघालो," वृषाली म्हणाली. "तुम्ही मामींना घेऊन डुमसला जा. सॅक तुमच्याकडेच राहू द्या."

मामा लाजला, कुरकुरला, पण निघाला. बसमध्ये दोघे परक्यासारखी बसली होती. वाळूवर आल्यावर तो मला घ्यायला पुढे झाला, तर मामी म्हणाली, "राहू द्या. मीच घेते." ती सरळ पाण्यापर्यंत गेली. लाट आली, पाय भिजले, ती एकदम मामाच्या दंडाला बिलगली. चार माणसांत! मामाने दंड सोडवला नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, आम्हा सॅकांना माळ्यावर कोंडू नका. आमच्या चेनला मेण लावा, पट्टे शिवा, ऊन दाखवा. आणि तुमच्या घरातल्या, सगळ्यांसाठी राबणाऱ्या माणसाला एकदा विचारा, "येतेस का फिरायला?" कारण त्या दिवशी काशीमामी किती तरी वेळ पाण्याकडे बघत होती. मग डोळे पुसून मामाला म्हणाली, "अहो, एवढा मोठा समुद्र इतकी वर्षं कुठे ठेवला होतात हो?"