चर्चला बोललेला नवस

मित्रांनो, आइसलँडमधल्या एका मेंढ्यांच्या शेतावर छोटं लाकडी चर्च आहे. त्यातली जुनी काशाची घंटा म्हणजे मी. फार थकले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

समुद्रापलीकडे मला ओतलं, तेव्हा इथले लोक मेरीमातेला मानत. तिचं नाव अजून माझ्या अंगावर आहे. पुढे राजाने पंथ बदलला. मेरीमातेची मूर्ती गेली, प्रार्थनेची भाषा बदलली, मी राहिले. लग्नात वाजले, बारशात वाजले. आता कुणी गेलं तरच वाजवतात.

चर्च शेताच्या मालकिणीचं, स्टेनव्होरचं. तिचा देवावर विश्वास नाही. तिचा धाकटा भाऊ केतिल मात्र थॉर वगैरे जुन्या देवांना मानतो. छप्पर गळू लागलं, तेव्हा चर्चला कुलूप लावून मला संग्रहालयात द्यायचं तिने ठरवलं. तिथे घंटा वाजवत नाहीत, नुसत्या पुसतात.

सप्टेंबरमध्ये डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणतात. तिचा नवरा ओर्मुर त्यासाठी गेला आणि दाट धुकं उतरलं. बाकीचे परतले, तो नाही. स्टेनव्होर चर्चच्या दारात येऊन पुटपुटली, "हा सुखरूप आला, तर नवं छप्पर घालीन."

"कुणाला बोललीस, ताई?" मागून केतिल म्हणाला. "तुझा तर कुणावरच विश्वास नाही!"

"चर्चला बोलले. देवाला मध्ये आणू नकोस. आणि तोंड काय चालवतोस? दोरी ओढ!"

"मी? थॉरला काय सांगू?"

"सांग, बहीण ऐकत नाही."

त्याने दोरी ओढली. तो दमला की ती ओढायची. माझं सगळं अंग ठणकत होतं. शेवटी धुक्यातून मेंढ्यांचा आवाज आला आणि त्यांच्यामागून लंगडत ओर्मुर.

"कोण गेलं?" त्याने विचारलं. "घंटा थांबेचना. म्हटलं, आवाजाच्या रोखाने जाऊन बघावं."

"तूच जाणार होतास, मेल्या!" म्हणत स्टेनव्होर रडू लागली.

नवस फेडला गेला. नवा पत्रा बसला आणि संग्रहालयाची गाडी रिकामी परतली. प्रार्थनेला मात्र अजूनही कुणी फिरकत नाही. त्याची माझी तक्रार नाही.

मित्रांनो, मागणं एकच आहे. आतला लोलक शतकानुशतकं एकाच जागी आदळून माझी कड तिथे पातळ झाली आहे. मला थोडी फिरवून टांगा. पुढच्या धुक्यात तुमचंही कुणीतरी डोंगरावर असेल, आणि मी फुटलेली असून चालणार नाही.