आधी ऐका

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही क्रिकेट खेळताय आणि ज्याची बॅट तोच पंच. तो म्हणेल तो आऊट. का, असं विचारायचं नाही. तेरुआ नावाच्या देशात बरीच वर्षं असंच चाललं होतं. हुकूमशहाने सही केली की माणूस तुरुंगात.

सिंगापूरच्या सेंगकांग भागात राहणाऱ्या गार्गीचे बाबा, सुबोध, जहाजावर इंजिनिअर होते. तेरुआच्या बंदरात त्यांनी लेकीला पाठवायला मावळत्या सूर्याचा फोटो काढला. त्यात मागे लष्कराची बोट आली. झालं! हेर ठरवून त्यांना पकडलं.

पुढे लोकांनी हुकूमशहाला पळवून लावलं आणि लेना ओरो नावाच्या बाई राष्ट्राध्यक्ष झाल्या. निवडणुका घेईन, कोर्टं उघडेन, असं वचन त्यांनी देशाला दिलं. त्या सिंगापूरला आल्या, तेव्हा गार्गी आणि तिची आई सुनेत्रा त्यांना हॉटेलात जाऊन भेटल्या.

"मॅडम, एक सही करा, माझ्या नवऱ्याला तुरुंगातून सोडा," आई हात जोडून म्हणाली. "खोकताना रक्त पडतंय त्यांना. फार दिवस नाही काढायचे ते."

ओरोबाईंनी मान खाली घातली. "अशाच एका सहीने त्यांना आत टाकलं. मीही सहीने माणसं सोडू लागले, तर माझ्यानंतर येणारा सहीनेच पुन्हा आत टाकेल. हे न्यायाधीशानेच ठरवायला हवं."

गार्गी आईच्या कानात सिंगापुरी ढंगात पुटपुटली, "म्हणजे सही करणं सही नाही? काय लॉजिक आहे, लाह!"

"गप्प बस गं!" म्हणता म्हणता आईला रडू फुटलं.

"मग न्यायाधीश कधी येणार?" गार्गीने बाईंना विचारलं.

"चांगले होते ते मारले गेले. एक उरलेत, ऑर्टिस. इथेच बुकित पंजांगला राहतात. मी काल गेले होते. त्यांनी दार लावून घेतलं."

आईने पत्ता मागून घेतला. दुसऱ्या दिवशी मायलेकी त्या दारात उभ्या होत्या. लोखंडी जाळीमागे पांढऱ्या केसांचे ऑर्टिस आजोबा आले. आईने त्यांना सगळी हकिकत सांगितली.

"माझ्या सोबत्यांना भर कोर्टात मारलं, बाळ. मी नाही जाणार परत."

"बाबांना सोडा असं मी म्हणतच नाहीये," गार्गी म्हणाली. "त्यांचं ऐकून तरी घ्या. अजून कुणीच ऐकलेलं नाही."

आजोबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "आणि ऐकल्यावर मला ते दोषी वाटले तर?"

आईने गार्गीचा हात धरला. "गार्गी, चल. घरी चल."

असंही होऊ शकतं, हे गार्गीच्या मनात कधी आलंच नव्हतं. "तर... तर तसं सांगा. पण आधी ऐका."

आजोबांनी आतलं दार लावून घेतलं.

गार्गीने बूट काढले, त्यांच्या चपलांशेजारी ठेवले आणि दाराकडे तोंड करून ती खाली फरशीवर बसली.